बिघडल्यावर येणार कोण?

कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं, की कळ्यापर्यंत माझा फोन निवांत असतो. पुढं डोंगर जवळ यायला लागतात, दोन्ही अंगाला ऊस आणि भाताची खाचरं सुरू होतात आणि रेंजच्या काड्या एकेक करून मावळतात. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमची वाडी. पस्तीसेक घरं, मागं डोंगर, पुढं ओढा. टॉवर आहे, पण डोंगराच्या पल्याड. हे माझं आजोळ. आजीला आता एकटं ठेवता येत नाही, म्हणून वर्षातले सात-आठ महिने मी इथंच राहते आणि इथूनच काम करते. माहितीपटांना मराठी उपशीर्षकं लिहायची, हे माझं काम. त्याला इंटरनेट लागतंच.

मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढण्यात, खड्ड्यात उतरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मे महिन्याच्या शेवटी, वळीव कोसळून गेल्यावर, सोप्यात बसून घरी इंटरनेट कुठलं घ्यायचं यावर आमचं बोलणं सुरू झालं. लाइट गेलेली होती, त्यामुळं बोलायला वेळ भरपूर होता. माझं म्हणणं एक, त्यांचं दुसरं. रेंज नसलेल्या गावात राहणाऱ्या प्रत्येक घरात हे बोलणं कधी ना कधी होतं, म्हणून ते जसं झालं तसं इथं मांडते.

मी : मामा, मी पत्र्यावर अँटेना बसवून घेणार आहे. टॉवरवरून फाइव्ह-जी ओढून घरात वायफाय देतात, ती. तार नको, खांब नको, आठवड्यात काम होतं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे.

मामा : प्लॅन राहू दे. तुला लागतं किती ते सांग.

मी : माझी एक फाइल साधारण चार जीबीची असते. आठ एमबीपीएसनं ती उतरायला तासाच्या वर जातो. पंचवीसनं वीस-बावीस मिनिटं. दिवसाला अशा एक-दोन. शिवाय व्हिडिओवर बैठक असते, तिला जाता-येता तीन-चार एमबीपीएस पुरतात.

मामा : म्हणजे पंचवीस सरळ मिळालं तर तुझं भागतंय. शंभर कशाला मग? शंभर म्हणून विकलेलं रात्री सातावर येण्यापेक्षा तीस म्हणून विकलेलं तीसच राहिलं तर बरं न्हवं? आणि ब्रॉडबँड ह्या शब्दावर जाऊ नको. सरकारी व्याख्येत आज २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसलाच म्हणत होते. पाटी लावायला तेवढं पुरतंय. तुझी फाइल उतरायला नाही.

मी : ते मलाही कळतं. म्हणून मी मोजलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळं मोबाइल कंपन्यांना आपापला कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्यात आपली वाडी रंगलेली दिसते. पण नकाशावर विसंबले नाही. फोन घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघरात काही नाही, सोप्यात एक काडी, पत्र्यावर चढलं की तीन. पत्र्यावर सकाळी सहाला ३८ एमबीपीएस, दुपारी २२, रात्री नऊला ७. आठ दिवस लिहून ठेवलंय.

मामा : हे चांगलं केलंस. आता ते सात का झालं ते सांग.

मी : टॉवर सगळ्यांचा. रात्री सगळे मोबाइल उघडून बसतात.

मामा : बरोबर. आता दुसरं. डोंगराच्या ह्या अंगाला टॉवर सरळ दिसत नाही. लांबच्या गावात जत्रा असली की इथं काय ऐकू येतं?

मी : ढोल.

मामा : आणि सनई?

मी : नाही येत.

मामा : लहरींचं तसंच. खालच्या सुराची लहर डोंगर, झाडं वळसा घालून लांब येती, पण ती माल कमी आणती. ७०० मेगाहर्ट्झची ती तसली. वरच्या सुराची, ३,५०० मेगाहर्ट्झची, माल भरपूर आणती, पण तिला समोर टॉवर पाहिजे. पाट्यांवर जो मोठा आकडा लिहितात तो ह्या दुसरीचा. डोंगराआड आपल्याला मिळती बहुतेक पहिली. आणि तू मोजलंस मे महिन्यात. समोरचा खोडवा आत्ता कमरेएवढा आहे. भाद्रपदात तो डोक्याच्या वर जाईल, पाला ओलाकच्च असेल. ओल्या पाल्यात लहर मुरती. भाद्रपदात मोज आणि मग मला सांग.

मी : पत्र्यावर पाइप उभा करून अँटेना उसाच्या वर घेता येते. आणि भाद्रपदापर्यंत मी काय करू, ते सांगा ना. गेल्या पावसाळ्यात फाइल पाठवायला मी स्कूटीवरून रस्त्यापर्यंत जायचे, बंद टपरीच्या वळचणीला उभी राहायचे, लॅपटॉप पदराखाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेजारच्या सिंधुदुर्गात एक मुलगी रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी बांधून पावसात शिकत होती. सगळ्या महाराष्ट्रानं तिचं कौतुक केलं. मला त्या फोटोकडं बघून कौतुकाआधी राग आला होता. तुम्ही म्हणता तार येऊ दे. तार येईपर्यंत माणसानं डोंगरावर बसायचं का?

मामा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. डब्यात जुने पाने, वाकडे खिळे, आणि वेटोळं करून ठेवलेला काळ्या केबलचा हातभर तुकडा. त्यांनी चाकूनं काळं आवरण सोललं. आत पिवळसर धाग्यांचा जुडगा निघाला, रेशमासारखा मऊ आणि हातानं ओढून न तुटणारा. त्याच्या पोटात एक नळी, आणि नळीत केसासारखा एक तंतू. मामांनी त्याचं एक टोक मोबाइलच्या बॅटरीसमोर धरलं. दुसऱ्या टोकाला, अंधारात, सुईच्या अग्राएवढा प्रकाशाचा ठिपका उमटला. मग त्यांनी तंतू बोटाभोवती घट्ट वळवला. ठिपका मंदावला. सोडला, पुन्हा उजळला.

मामा : ही काच आहे. सगळी मिळून जाडी १२५ मायक्रॉन, आणि उजेड जिच्यातून जातो ती मधली काच ९ मायक्रॉनची. एका किलोमीटरला उजेड फार तर सात-आठ टक्के कमी होतो. गगनबावड्याचा पाऊस असो नाहीतर पुरुषभर ऊस, हिला फरक पडत नाही. एका मशीनमधनं २.५ जीबीपीएस निघतात, वाटेत फोड करून ३२ नाहीतर ६४ घरांना वाटतात, आणि २० किलोमीटरपर्यंत पोचवतात. आणि वीज. तांब्याच्या काळात वळवाची वीज तारेतनं घरात यायची, फोन जळायचा, मोडेम जळायचा. सकाळी माझ्याकडं रांग लागायची. काचेतनं वीज येत नाही. तुझ्या अँटेनापासून घरात येणारी केबल मात्र तांब्याचीच असणार, हे ध्यानात ठेव. अर्थिंग केल्याशिवाय पत्र्यावर काही उभं करू नको, आणि ढग गडगडला की प्लग काढ.

मी : काच चांगली आहे, मला मान्य आहे. पण मामा, ही काच तुटते. रस्त्याकडेच्या गावात गेल्या हंगामात काय झालं तुम्हीच सांगितलंत. उसाची ट्रॉली वाढ्यापर्यंत भरलेली, वर लोंबणारी केबल तिच्यात अडकली, तीन खांबांची तार घेऊन ट्रॅक्टर कारखान्याला गेला. अकरा दिवस बंद. फोन करावा तर कुणी उचलत नाही. कुठं रानात पाचट पेटवलं, केबल वितळली. कुठं जेसीबीनं खड्डा काढला, केबल गेली. सरकारनं २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलं, खोदण्याआधी कळवायचं म्हणून. आपल्याकडच्या पाणंदीत खोदताना ते कुणी उघडलेलं मी पाहिलं नाही.

मामा : मीपण नाही.

मी : मग? टॉवर बंद पडला तर कंपनीची हजारभर गिऱ्हाइकं एकदम बोंब मारतात. त्यांना यावंच लागतं. माझ्या घराची एकटी तार तुटली तर कुणाचं काय अडतं? घरातल्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत राहणार आणि मी त्याच्याकडं बघत बसणार. तार तुमच्या काळात भरवशाची होती, कारण तुम्ही होता. आता तुम्ही नाही.

बोलून गेल्यावर मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण मामांनी मान हलवली.

मामा : हे तू खरं बोललीस. मी एवढा वेळ काचेचं कौतुक करत बसलो, पण प्रश्न काचेचा नाहीच. एक गोष्ट सांगतो. १९८६ साली कित्तूरला, आपल्या बेळगावपलीकडं, सी-डॉट या देशी संस्थेचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज लागलं. १२८ लाइनीचं, कपाटाएवढं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. हे धुळीत, उन्हात, एका साध्या खोलीत चालायचं. मशीन जिथं चालवायचं त्या जागेचा विचार करून बनवलेलं. आम्ही नवखे होतो, पण कार्ड काढून कार्ड घालायला आम्हाला येत होतं. म्हणून ते चाललं. दुरुस्त करणारा जवळ असला तर साधं यंत्र पण भरवशाचं होतं, नसला तर भारीतलं पण भंगार.

मी : म्हणजे कंपनीचं नाव विचारायचंच नाही?

मामा : नंतर विचार. आधी हे विचार : जॉइंट मारणारा माणूस राहतो कुठं? त्याच्याकडं स्प्लायसिंगचं मशीन स्वतःचं आहे की कोल्हापुरातनं मागवावं लागतं? बीएसएनएलची फायबर पण आता खेड्यापाड्यांत स्थानिक भागीदारच घरापर्यंत नेतो आणि तोच सांभाळतो. म्हणजे एकाच नावाची सेवा एका गावात सोन्यासारखी असती आणि शेजारच्या गावात रडत असती. मागच्या आषाढात तार तुटली होती का, किती दिवसांत आला, हे त्याच्या चार गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन विचार. जोडणीच्या दिवशी त्याला मीटर लावायला सांग. उजेड उणे वीसच्या आसपास आला तर ठीक. उणे सत्तावीसला टेकला तर समज की कुठंतरी जॉइंट कच्चा आहे नाहीतर तार मुरगळली आहे. तसल्या जोडणीवर सही करू नको. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नको. अँटेना घेतलीस तरी महिन्याच्या महिन्याला भर. भाद्रपद बघू दे.

मी : आणि लाइट? आत्ताच बघा, दोन तास झाले.

मामा : राऊटरला आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस मिळतो, तीन-चार तास सहज चालतो. तो घ्यायचाच. पण तेवढ्यानं भागत नाही. केबलवाल्याच्या ऑफिसातल्या मशीनला बॅटरी किती तासांची, हे पण विचारायचं. तिथं अंधार झाला तर तुझा यूपीएस काय कामाचा? टॉवरचं तेच. आपल्याकडं आषाढात लाइट दीड-दीड दिवस येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. हायवे दोन्ही वेळा बंद पडला. तसल्या वेळेला कोण कुठं अडकलंय हे कळायला फोन लागतो, आणि नेमका तोच जातो. म्हणून एका वाटेवर विसंबायचं नाही. घरात तार असली तरी दुसऱ्या कंपनीचं एक सिम पाहिजे. अँटेना असली तरी जमलं तर तार पाहिजे.

मी : म्हणजे अँटेनाला तुमचा विरोध नाही.

मामा : अँटेनावर थांबायला विरोध आहे.

मी : आणि उपग्रह? स्टारलिंकला २०२५ च्या जूनमध्ये भारतात परवाना मिळाला. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्याशी आशयपत्रावर सही केली. डोंगर नको, टॉवर नको, केबलवाला नको. आभाळ तर आपल्याकडं आहे.

मामा : आभाळ आहे, पण चार महिने ते दिसत नाही. जुने उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, तिथनं बोलणं जाऊन यायला अर्धा सेकंद जातो. हे नवे ५५० किलोमीटरवरनं फिरतात, त्यामुळं बोलण्यात अडखळत नाही. ते खरंच चांगलं आहे. पण ताटलीला राऊटरच्या कितीतरी पट वीज लागती, आणि मुसळधार पावसात सिग्नल पडतो. शिवाय सरकारनं पहिल्यांदा नावं घेतली ती गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिवची. तिथली गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. जिथं जंगलातनं तार ओढायची म्हटलं तर वर्षं जातील, तिथं आभाळच योग्य. आपल्यापासून फायबर किती लांब आहे?

मी : ग्रामपंचायतीपर्यंत आलेली आहे. दोन किलोमीटर.

मामा : दोन किलोमीटरसाठी ५५० किलोमीटर वर कशाला जायचं?

इथं मला माझा खरा मुद्दा सापडला. इतका वेळ आम्ही तार की हवा यावर बोलत होतो. मला सलत होतं ते निराळंच.

मी : ते दोन किलोमीटर कुणी आणायचे, मामा? ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. २०२३ मध्ये सुधारित योजना आली, १ लाख ३९ हजार कोटींची. एका ठिकाणी तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहावं म्हणून कड्यासारखी जोडणी करायची आणि दीड कोटी ग्रामीण घरांपर्यंत पोचायचं, असं त्यात लिहिलंय. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन झालं, ९७ हजारांहून जास्त टॉवरांचं. पैसा आहे, योजना आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. मग आपल्या वाडीनं कुणाच्या पाया पडायचं? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. वर्गणी काढा आणि शाळा आणा, असं नाही सांगितलं गावांना. राज्याचं काम म्हणून केलं.

मामा : शाहू महाराजांचं नाव घेतलंस, आता मी काय बोलू? पण मी दुसरं नाव घेतो. वारणा. तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर कारखाना उभा केला, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. त्याच वारणेच्या खोऱ्यात १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीची सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प झाला. 'वायर्ड व्हिलेज' म्हणायचे. केंद्रानं निम्मे पैसे घातले, राज्यानं ४० टक्के, आणि १० टक्के वारणा समूहानं. देशात तेव्हा शहरांत पण इंटरनेट धड नव्हतं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं गावातल्या कॉम्प्युटरवर उसाची नोंद आणि वजन बघितलं. का जमलं? कारण कारखाना त्यांचा होता. बिघडलं तर कुणाला धरायचं, हे माहीत होतं.

मी : वारणेची पुढची गोष्ट पण सांगा की. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं जाऊन बघितलं. कॉम्प्युटर वापरले जात होते ते मुख्यतः उसाच्या हिशेबाला. बाजारभाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, ही स्वप्नं कागदावरच. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून दाखवलं, स्वस्तात. म्हणजे तुमच्या वारणेनंच हवेची बाजू घेतली.

मामा : घेतली. बरोबरच केलं. उसाचं वजन एका एसएमएसमध्ये मावतं. जेवढी गरज तेवढं साधन. पण आता गरज एसएमएसएवढी राहिली आहे का? तुझी फाइल मावती का त्यात? आजीला कोल्हापुरातला डॉक्टर व्हिडिओवर बघतो, ते मावतं का? शेजारचा पोरगा एमपीएससीची लेक्चरं बघतो. दूध डेअरीचं मशीन नेटवर. रेशनचा अंगठा नेटवर, आणि नेट नसलं की म्हातारी माणसं दोन-दोनदा हेलपाटे घालतात. गरज वाढली म्हणून तार पाहिजे. आणि तुझं शाहू महाराजांचं पण खरं आहे. आणून देणं राज्याचं काम. सांभाळणं मात्र मुंबई-दिल्लीतनं होत नाही. तेवढं आपलंच.

मी : सांभाळायचं म्हणजे काय करायचं? कंपनी काढायची?

मामा : आपल्या वाडीचं पाणी कसं येतं?

मी : पाणीपुरवठा संस्थेचं. नदीवरनं उपसा.

मामा : नदी सरकारची. परवानगी सरकारची. कर्ज बँकेचं. पण पाइप फुटला तर कोण जातं? संस्थेचा पाटकरी. रात्री दोन वाजता जातो, कारण सकाळी पाळी त्याच्या भावकीची असती. एकट्यादुकट्या शेतकऱ्यानं नदीवरनं पाइप आणायचा म्हटला असता तर कुणाचंच रान भिजलं नसतं. जिल्ह्याचा बराचसा ऊस असल्या संस्थांच्या पाण्यावर वाढलाय म्हटलं तरी चालेल. मग काचेच्या तारेला हेच का नको?

मी : इंग्लंडमध्ये झालंय तसं. लँकेशायर भागातल्या खेड्यांकडं कंपन्या फिरकेनात, म्हणून २०११ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची संस्था काढली. बीफोरआरएन म्हणतात तिला. शेतकऱ्यांनी आपल्या रानातनं चर खणायला जागा फुकट दिली, स्वतः खणले. आज त्या खेड्यांत घरोघरी एक जीबीपीएस आहे.

मामा : बघ की. ही आपलीच रीत. त्यांनी केली, आपण विसरलो.

मी : विसरलो नाही. आपल्याला वाटतं की इंटरनेट ही विकत घ्यायची वस्तू आहे. टीव्हीसारखी. ज्यानं त्यानं आपापल्या घरापुरती घ्यायची.

मामा : तू तेच करत होतीस.

मी : हो. तेच करत होते.

लाइट आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. आजी माजघरातून म्हणाली, "झालं का ठरवून?" ठरलं होतं, पण दोघांपैकी कुणाचं एकट्याचं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अँटेना बसली. पत्र्यावर आठ फुटी पाइप, उसाच्या वर, नीट अर्थिंग करून. पैसे महिन्याच्या महिन्याला. रात्री बारा-चौदा एमबीपीएस मिळतात, पहाटे तीसच्या वर. मोठ्या फाइली मी पहाटे उतरवते. टपरीच्या वळचणीला उभं राहणं थांबलं. तेवढ्यासाठी मी त्या अँटेनाची ऋणी आहे, आणि जिच्या दारात आज तार नाही त्या कुठल्याही बाईनं तारेची वाट बघत काम सोडावं, असं मी कधीच म्हणणार नाही.

मामांनी त्याच आठवड्यात एक शंभर पानी वही घेतली. रोज संध्याकाळी ते आणि मी घरोघर जातो. मी लिहिते, ते बोलतात. प्रत्येक घराला एक ओळ : घरात माणसं किती, शिकणारी किती, ग्रामपंचायतीकडच्या शेवटच्या खांबापासून अंतर किती पावलं, तारेला बांधावरनं वाट देणार का. एका घरासाठी कुठलाच केबलवाला दोन किलोमीटर येत नाही. वीस घरं झाली की तो स्वतः विचारायला येतो. आजपर्यंत एकोणीस घरं झाली आहेत. बांधावरून वाट द्यायला दोघांनी नकार दिला, त्यांच्याकडं पुन्हा जायचं आहे. तार पाणंदीच्या कडेनं जमिनीतून न्यायची, ट्रॉलीच्या उंचीवर लोंबू द्यायची नाही, ही मामांची अट. पाणंदीत पाइपलाइन कुठून गेली आहे हे पाटकऱ्याला पाठ आहे, म्हणून खणताना तो सोबत असणार.

माझं एक काम निराळं आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिला आहे. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची फायबर वाडीच्या शाळेपर्यंत आणि अंगणवाडीपर्यंत आणावी, असा ठराव करून वर पाठवावा, ही मागणी. मामा म्हणतात, याला वेळ लागेल. मी म्हणते, लागू दे, पण मागणं सोडायचं नाही. जे राज्याचं काम आहे ते आपण वर्गणीतून करत राहिलो तर ज्या वाडीला वर्गणी परवडत नाही तिला कधीच मिळणार नाही. या एका बाबतीत आमचं अजून जुळलेलं नाही. अर्जावर पहिली सही मात्र मामांची आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मामांनी स्वतःच्या अक्षरात एकच प्रश्न लिहिला आहे : तार तुटली तर कोण येणार? खाली दोन रेघा सोडल्या होत्या. एक पोरगा आयटीआय झालेला, घरोघरी लाइटची कामं करतो. दुसरी मुलगी बारावी सायन्स झाली आहे आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली तांब्याची तार गुंडाळते, बोटं बारीक कामाला सरावलेली. तार येईल तेव्हा केबलवाल्यानं या दोघांना जॉइंट मारायला शिकवायचं आणि प्रत्येक दुरुस्तीमागं पैसे द्यायचे, हे त्याच्याशी बोलायचं पहिलं कलम. तोवर मामा त्यांना रविवारी सोप्यात बसवून काच सोलायला शिकवतात. पहिल्या रविवारी दोघांनी मिळून अकरा तुकडे मोडले.

त्या दोन रेघांवर आता दोन नावं आहेत. दोन्ही आमच्याच वाडीतली.